घरची बिअर : बाटली का फुटली?

प्रश्न : भावाबरोबर बारामतीत घरी बिअर करून पाहिली. उकळताना रस उतू गेला, पुढे आंबट वास आला, दोन बाटल्या फुटल्या. काय चुकलं? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : उकळताना माल्टमधल्या प्रथिनांचा फेस वर येतो, भांडं अर्धंच भरावं लागतं. एल जातीच्या यीस्टला साधारण 18 ते 22 अंश तापमान मानवतं. आपल्या उन्हाळ्यात आणि अस्वच्छ भांड्यात जिवाणू फोफावतात, म्हणून आंबट वास. आंबणं पुरं होण्याआधी बाटली बंद केली, की कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने काच फुटते. उरलेल्या बाटल्या थंड करून, जाड फडक्यात गुंडाळून उघडा आणि ओतून द्या. मूळ चूक मात्र वेगळी आहे : महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. पुन्हा हा प्रयोग करू नका.