बरा झालो... असं मला वाटलं!

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. बुधवारी रात्री होस्टेलवर मला अचानक उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. गुरुवार आडवा पडून काढला. शुक्रवारी सकाळी मात्र इतका खडखडीत बरा, की शनिवारी दुपारी महाप्रसादाच्या पंक्तीत वाढपी म्हणून मी हजर! काकडीची कोशिंबीर मीच कालवली, मीच वाढली. रविवारी रात्रीपासून आमच्या विंगमधले चौदा जण संडासाबाहेर रांगेत.

दोष कोणाला? अर्थातच मेसमधल्या मामांना. "हात धूत नसणार" असं कोणीतरी म्हणालं आणि (लिहायला लाज वाटते) मीही मान डोलावली. कंत्राटदाराने मामांना कामावरून काढलं.

पुढच्या सेमला सेमिनारसाठी 'सांडपाण्यातले विषाणू' हा विषय माझ्या गळ्यात पडला. वाचता वाचता नोरोव्हायरसपाशी आलो आणि घसा कोरडा पडला. १९६८ साली अमेरिकेत ओहायोमधल्या नॉरवॉक गावच्या शाळेत उलट्यांची साथ आली होती, त्यावरून हे नाव. १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो पहिल्यांदा पाहिला. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, एक ते तीन दिवसांत थांबतो. आता आमची पंक्ती आठवा. शनिवारी दुपारी जेवण, रविवारी रात्री उलट्या. नासलेल्या अन्नातलं स्टॅफिलोकोकसचं विष असतं, तर शनिवारी संध्याकाळीच सगळे आडवे झाले असते. कोणाचीच तपासणी झाली नाही, त्यामुळे पुरावा नाही. पण वेळापत्रक जुळतं, आणि माझं तर फारच जुळतं.

खरी गंमत पुढे आहे. २००८ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांना मुद्दाम हा विषाणू पाजला होता (धन्य त्यांची!). लागण झालेल्या १६ जणांपैकी ११ जणांना उलट्या-जुलाब झाले, तेही एक-दोन दिवसच. उरलेल्या ५ जणांना धड आजार असा झालाच नाही, पण विषाणू त्यांच्याही विष्ठेत होता. आणि तो किती दिवस सापडत राहिला? मध्यक २८ दिवस, कमीत कमी १३, जास्तीत जास्त ५६! कमाल प्रमाणाचा मध्यक एका ग्रॅममध्ये ९५ अब्ज जनुकीय प्रती, आणि हे टोक बऱ्याचदा पोट थांबल्यानंतर येतं.

इंजिनिअर म्हटला की गणित आलंच. नखात एक मिलिग्रॅम राहिला असं धरा, म्हणजे साडेनऊ कोटी. हात धुऊन ९९.९ टक्के गेले तरी ९५ हजार उरले. आजारी पाडायला म्हणे शंभराच्या आतही पुरतात.

पण थांबा, या गणितात एक गोम आहे. पीसीआर विषाणूच्या जनुकीय प्रती मोजतं. त्यातला जिवंत कोण, मेलेला कोण, हे त्याला कळत नाही. मानवी नोरोव्हायरस प्रयोगशाळेत वाढवण्याची चांगली पद्धतच मुळी २०१६ मध्ये, आतड्याच्या पेशींचे छोटे गोळे वापरून, ह्यूस्टनमध्ये सापडली. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या रुग्णालयांतल्या अभ्यासात तर असं दिसलं, की प्रसार मुख्यतः लक्षणं असलेल्यांकडूनच होतो. म्हणजे २८ दिवस कोणाला कोंडून ठेवायची गरज नाही. लक्षणं थांबल्यावर निदान ४८ तास स्वयंपाकाला हात लावू नये, एवढाच नियम सांगतात. माझे सत्तावीस तास झाले होते.

आणि हो, मी सॅनिटायझर चोळला होता! या विषाणूला चरबीचं बाहेरचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यापुढे फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. फरशीला ब्लीच.

मामाही लक्षणं नसलेले वाहक असू शकले असते, हे खरं. टायफॉईडच्या बाबतीत न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन तशीच होती. (तिला १९०७ मध्ये हुडकून काढणारा जॉर्ज सोपर सॅनिटरी इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलाच!) पण मग संशय सगळ्यांवर सारखा हवा होता. मला तर कोणी विचारलंही नाही.

सेमिनार झाल्यावर कंत्राटदाराला जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता काय उपयोग? ते गावी गेले." नंबर घेऊन मामांना फोन लावला. आधी त्यांना वाटलं, डब्याचे पैसे राहिलेत म्हणून केलाय. मग कोशिंबिरीचं सांगितलं तर जरा वेळ गप्पच.

"कोशिंबीर होती होय?" ते म्हणाले. "मी तर त्या दिवशी मागं पातेलीच घासत होतो रे दिवसभर."