१.००५ लिहिण्याआधी

मने, काल रात्री फोनवर तू रडलीस आणि मी नुसतं "होईल गं सगळं नीट" म्हणून फोन ठेवला. मग मलाच झोप लागेना. थर्मोच्या व्हायवात सरांनी विचारलं, सीपी सीव्हीपेक्षा मोठा का, आणि तुझी दातखीळ बसली. एवढंच ना? सूत्र तुला येत होतं, मला ठाऊक आहे. आपण सूत्र घोकतो आणि वायूची विचारपूस करायचीच राहून जाते. माझंही तेच झालं होतं, ते सांगतेच. आधी सरांचा प्रश्न मिटवू.

एक किलो हवा पक्क्या टाकीत कोंड आणि एक अंशाने तापव. साधारण ७१८ जूल लागतात, हाच सीव्ही. टाकीच्या भिंती हलत नाहीत, म्हणून दिलेली सगळी उष्णता हवेच्या पोटातच राहते. आता तीच हवा सैल दट्ट्याखाली ठेव. तापली की ती फुगणार, दट्ट्याला वर ढकलणार, आणि फुकट कोण ढकलतं? त्या मेहनतीचे २८७ जूल वेगळे मोजावे लागतात. दोन्ही मिळून १००५. झाला तुझा सीपी, स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता! पुस्तकात हवेसाठी 'आर' म्हणून जो २८७ असतो, तो म्हणजे ही ढकलण्याची मजुरी.

इथे एक खड्डा आहे, त्यात सगळ्या वर्गाचा पाय जातो. 'स्थिर आकारमानाचा' म्हणून सीव्ही फक्त बंद टाकीतच वापरायचा, असं वाटतं. तसं नाही. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा किती बदलली हे काढायचं असेल, तर प्रक्रिया कुठलीही असो, सीव्हीच. आणि वायू वाहता असेल, म्हणजे डक्ट, टर्बाइन, कॉम्प्रेसर, तर एन्थाल्पीसाठी सीपी. हे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटव.

राहिला गॅमा, या दोघांचा भागाकार. लहानपणी सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका देईल इतकं तापायचं, आठवतंय? भराभर दाबलं की उष्णतेला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, हवा तापते, आणि किती तापते ते गॅमा ठरवतो. हे न धरल्यामुळे खुद्द न्यूटनचं गणित चुकलं होतं, बरं का. १६८७च्या 'प्रिन्सिपिया'त त्याने ध्वनीचा वेग काढला. ध्वनिलहरीत हवा दाबली जाते तरी तिचं तापमान तेच राहतं, असं त्याने धरलं. त्या रीतीने शून्य अंशाला सेकंदाला २८० मीटर येतात. खरा वेग ३३१. लाप्लासने पुढे १८१६मध्ये गॅमा आत आणला. हवेच्या गॅमाचं, म्हणजे १.४चं, वर्गमूळ काढ, २८०ला गुण आणि बघ. तेव्हा व्हायवात गप्प बसलीस म्हणून जगबुडी झालेली नाही.

आता माझी गोष्ट. नोकरीला लागून चार महिने झाले होते. साखर कारखान्याच्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणाऱ्या बॉयलरचं काम होतं. धुराड्याकडे जाणारा वायू २५० अंशांवरून १५० पर्यंत थंड करायचा आणि ती उष्णता कामी लावायची. वायू सेकंदाला दहा किलो. मी डोळे झाकून हवेचा सीपी किलोजूलमध्ये, म्हणजे १.००५, घातला. दहा गुणिले १.००५ गुणिले शंभर, उत्तर १००५ किलोवॅट. आकडा इतका सुबक आला की मीच खूश. कागद तपासायला गेला, तो परत आला तेव्हा १.००५ भोवती लाल गोल आणि बाजूला एकच शब्द: "ओलावा?"

अगं, गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. त्यातच बगॅसमधला हायड्रोजन जळूनही पाणी तयार होतं. त्या वायूत वजनाने १५ टक्के वाफ धरली होती. वाफेची विशिष्ट उष्णता हवेच्या जवळपास दुप्पट, त्या तापमानाला १.९४. उरलेल्या कोरड्या वायूची १.०३. वजनाच्या हिश्शाने सरासरी काढली तर १.१७. म्हणजे उष्णता ११७० किलोवॅट. माझ्या हिशेबात १६५ किलोवॅट गायब! उष्णता घेणाऱ्या नळ्या तेवढ्या कमी पडल्या असत्या आणि वायू ठरल्यापेक्षा गरमच चिमणीतून गेला असता. मी हवा समजत होते, ती हवा नव्हतीच.

आणि हवा असली तरी ती प्रत्येक तापमानाला तशीच वागत नाही. तापमान वाढलं की रेणू आतल्या आत थरथरायलाही ऊर्जा खातात. हजार केल्विनला हवेचा सीपी १.१४ होतो आणि गॅमा १.३४च्या खाली येतो. डिझेल इंजिनात २७ अंशांची हवा अठराव्या हिश्शात दाबली, तर १.४ धरून ९५३ केल्विन येतात. कोष्टकातून बदलता सीपी घेतला तर साधारण ८९८. पंचावन्न अंशांचा फरक! परीक्षेत "सीपी स्थिर माना" लिहिलेलं असतं तेव्हा खुशाल मान. नोकरीत ते वाक्य कुणी लिहून देत नाही, ते आपणच ठरवायचं आणि का ठरवलं तेही लिहायचं.

म्हणून आकडा लिहिण्याआधी तीन गोष्टी विचार: वायू कोणता, तापमान कुठून कुठपर्यंत, कोंडलेला की वाहता. एकक किलोचं की मोलचं, तेही बघ. त्या घोळात भले भले फसतात. पुढच्या व्हायवात आठवलं नाही तर घाबरू नकोस, मोठ्याने म्हण, "सर, दट्ट्या सैल आहे की पक्का?" उत्तर त्या प्रश्नातच आहे.

तो लाल गोलाचा कागद मी अजून टाकलेला नाही. दिवाळीला आलीस की दाखवते. आता जेवून घे, आणि मेसचं नको असेल तर आईने दिलेला चिवडा काढ.

तुझी ताई