व्हायलवरचं नाव पुरत नाही

पुण्यातल्या ज्या लॅबमध्ये मी पीएचडी केली, तिथे फळमाश्यांच्या दोन व्हायल माझ्या वाट्याला आल्या. दोन्हींवर एकच मजकूर: आधी ‘यूएएस’, मग जनुकाचं नाव, शेवटी ‘जीएफपी’. एकीतल्या माश्यांचे डोळे फिकट पिवळे, दुसरीतल्यांचे गर्द केशरी. कन्स्ट्रक्ट बनवणारे सीनियर केव्हाच परदेशी गेले होते. वहीत एवढंच होतं, ‘क्लोनिंग झालं, इंजेक्शनला पाठवलं.’

डोळ्यांच्या रंगावरून थोडं उलगडलं. पी-एलिमेंट वापरून माशीत जनुक घालायची रीत रुबिन आणि स्प्रॅडलिंग यांनी 1982 मध्ये दिली. पी-एलिमेंट क्रोमोझोमवर नेमकं कुठे बसेल हे आपल्या हातात नसतं, आणि जागेप्रमाणे सोबतच्या मिनी-व्हाइट जनुकाचा रंग कमीजास्त उतरतो. म्हणजे ही दोन वेगळी इन्सर्शन होती. कुठली कुठे, याची नोंद नव्हती.

खरा घोळ अंडाशयात होता. लाळग्रंथीत जीएफपी लख्ख दिसायचं, वाढत्या अंड्यात मात्र काहीच नाही. हे प्रथिन तिथे टिकत नसावं, असं लॅबमध्ये गृहीत धरलं गेलं होतं आणि पुढचे प्रयोगही त्यावरच आखलेले. शेवटी माश्यांचा डीएनए काढला, पीसीआर करून सिक्वेन्सिंगला दिला, तेव्हा कळलं की व्हेक्टर पीयूएएसटी आहे. गॅल4-यूएएस पद्धतीतला हा मूळ व्हेक्टर, ब्रँड आणि पेरिमॉन यांच्या 1993 च्या कामातला. त्यातला प्रमोटर मादीच्या जननपेशींत जवळजवळ चालत नाही. त्यासाठीच पर्निले रोर्थ यांनी 1998 मध्ये यूएएसपी आणला. व्हायलवर मात्र दोन्ही व्हेक्टरचं नाव ‘यूएएस’च लिहिलं जातं! महिनोन्‌महिने एक चुकीचा निष्कर्ष आमच्यात फिरत राहिला, तो त्या एका न लिहिलेल्या अक्षरापायी. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून नव्याने क्लोनिंग करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: काय बनवायचं ठरलं होतं ते नव्हे, प्रत्यक्ष काय हाती आलं ते लिहा. संगणकावर काढलेला नकाशा हा बेत असतो. सिक्वेन्सिंग करून पडताळलेली फाइल ही नोंद. मूळ व्हेक्टरचं पूर्ण नाव हवं. सीडीएनए कुठल्या क्लोनमधून घेतला आणि तो कुठल्या आयसोफॉर्मचा, हेही हवं. प्रायमर अक्षरन्‌अक्षर उतरवा. जीएफपी प्रथिनाच्या पुढच्या टोकाला की मागच्या, मधल्या लिंकरमध्ये कुठली अमिनो आम्लं, पीसीआरमध्ये एखादं अक्षर बदललं का, हेही लिहा. अमिनो आम्ल न बदलणारा बदलसुद्धा सोडू नका.

हल्ली फायसी31 इंटिग्रेजमुळे कन्स्ट्रक्ट ठरलेल्या जागी घालता येतं. एटीटीपी40 दुसऱ्या क्रोमोझोमवर, एटीटीपी2 तिसऱ्यावर. त्यामुळे जागा तपासायचं अनेकजण सोडून देतात. व्हिएन्नाच्या केके आरएनएआय संग्रहाची गोष्ट त्यांनी जरूर वाचावी. त्या माश्यांत अशी आणखी एक जागा निघाली, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. काही स्टॉकमध्ये कन्स्ट्रक्ट तिथे, 40डी भागात, बसलं होतं आणि गॅल4 दिला की शेजारचं टिपटॉप जनुक भलतीकडे चालू व्हायचं. दिसणारा परिणाम टिपटॉपचा, नाव मात्र दुसऱ्याच जनुकाचं. साध्या पीसीआरने ही जागा ओळखता येते. तो करा, आणि जेलचा फोटो वहीत लावा.

फ्लायबेसवर कन्स्ट्रक्टला एक क्रमांक असतो आणि त्याच्या प्रत्येक इन्सर्शनला वेगळा. आपल्या वहीतही तसंच ठेवावं. कन्स्ट्रक्टचा क्रमांक उणे 80 च्या फ्रीझरमधल्या ग्लिसरॉल स्टॉकवर, फाइलच्या नावात आणि व्हायलवर सारखाच असू द्या. कुठल्या स्टॉकच्या भ्रूणांत इंजेक्शन दिलं तेही शेजारी लिहा.

मी आता जिथे काम करते, तिथे सिक्वेन्सिंगची फाइल नकाशाशी ताडून दुसऱ्या कुणीतरी सही केल्याशिवाय प्लाझमिड इंजेक्शनला जात नाही. तासाभराचं काम आहे.