अँटेना फिरते, पण थांबते का?

हॉस्टेलच्या गच्चीवर हॅम रेडिओची फिरती अँटेना उभारायची, असा विषय मेसमध्ये निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मोटर कोणती घ्यायची?" मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि तिथेच चुकलो. म्हणून हा लेख.

आमचं गाव तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. परवाना हाती आल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत घरामागे 12 मीटरचा मनोरा उभा केला. त्यावर 3 मीटरचा पाइप आणि पाइपाच्या टोकाला 14 मेगाहर्ट्‌झची तीन एलिमेंटची यागी. एकेक एलिमेंट साधारण 10 मीटर लांब. फिरवायला मात्र जुन्या ट्रकच्या वायपरची मोटर! बटण दाबलं की अँटेना हळूहळू ईशान्येला, जपानकडे वळायची. गल्लीतली पोरं बघायला जमायची. अण्णा बाजेवरून एवढंच म्हणाले, "फिरायलंय खरं, पण वारं सुटल्यावर थांबंल का?"

आठच दिवसांत वळवाचं वारं आलं. मोटरचे दात गेले, अँटेना मोकळी सुटून गरगर फिरली, केबल पाइपाला गुंडाळून तुटली. शेवटी पाइप वाकला आणि अर्धी यागी शेजारच्या पत्र्यावर आली. शेजारच्या काकू तिथली शेळी सोडून नुकत्याच घरात गेल्या होत्या, म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुट्टी संपल्यावर स्ट्रक्चर्सचं पुस्तक उघडलं. जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं.

पहिला हिशोब वाऱ्याचा. आयएस 875 च्या भाग 3 मध्ये औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे. जालना शेजारीच, म्हणून तोच धरला. वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणलं की दाब मिळतो : दर चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन. यागीचं वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरलं तर जोर 456 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 46 किलो वजनाइतका. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, हे विसरू नका.

दुसरा हिशोब पाइपाचा. अँटेना बेअरिंगच्या 1 मीटर वर असेल तर पाइपावर 456 न्यूटन-मीटरचा वाकवणारा मोमेंट येतो. माझ्यासारखा 3 मीटरचा पाइप लावला की तोच 1368! म्हणून पाइप जमेल तितका आखूड ठेवा. मनोऱ्याच्या डोक्यावर बेअरिंग आणि रोटेटर त्याच्या दीडेक मीटर खाली. मग पाइप दोन ठिकाणी धरला जातो आणि रोटेटरला फक्त फिरवण्याचं काम उरतं. बेअरिंग म्हणून ट्रॉलीच्या चाकाचा चांगला हबही चालतो.

आता कुठे रोटेटर. त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे बघा : फिरवण्याचा टॉर्क आणि धरून ठेवण्याचा टॉर्क. निवड दुसऱ्यावर करा. झोत अँटेनाच्या दोन्ही बाजूंना सारखा लागत नाही. केंद्रापासून 2 मीटरवर नुसता 100 न्यूटनचा फरक पडला तरी 200 न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. वायपरच्या मोटरमध्ये वर्म गियर असतो, तो उलटा सहसा फिरत नाही. पण त्याचे दात बारीक, बहुतेक वेळा नायलॉनचे. 144 मेगाहर्ट्‌झच्या छोट्या यागीला ती मोटर ठीक आहे, 14 च्या यागीला नाही.

मोठी माणसंही वाऱ्यापासूनच सुरुवात करतात. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 फिरत्या डिश आहेत. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. वजन कमी आणि वारा आरपार. वारा फार वाढला की डिशचं तोंड सरळ आकाशाकडे करून ठेवतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी? 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी संपर्क सांभाळला होता. वादळातच जी अँटेना पडते, ती नसलेलीच बरी.

तेव्हा क्रम लिहून ठेवा : अँटेना, वारा, पाइप, बेअरिंग, मनोरा व पाया, आणि सगळ्यात शेवटी रोटेटर. मनोरा आडवा झाला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही इतकी जागा सोडा. अर्थिंग करा. पट्टा बांधल्याशिवाय आणि एकट्याने वर चढू नका.

काकूंचा पत्रा मी बदलून दिला. मनोरा या दिवाळीत पुन्हा उभा राहील. या वेळी अण्णांना आधी वही दाखवणार आहे.