उद्याच्या जगाची जत्रा

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी वॉकीगन नावाचे गाव आहे. त्या गावी २२ ऑगस्ट १९२० रोजी रे ब्रॅडबरी याचा जन्म झाला. त्याचे वडील विजेच्या व टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करीत. घरची स्थिती बेताचीच होती. परंतु चित्रपट, सर्कस आणि जादूचे प्रयोग यांची रेला लहानपणापासून विलक्षण ओढ होती. अवघा तीन वर्षांचा असताना तो आईबरोबर पहिला चित्रपट पाहून आला. गावात ब्लॅकस्टोन या प्रसिद्ध जादूगाराचा प्रयोग आला की रे नाट्यगृहात हजर असलाच पाहिजे!

१९२९ साली अमेरिकेतील वृत्तपत्रांत बक रॉजर्स नावाच्या वीराची चित्रमालिका प्रसिद्ध होऊ लागली. हा वीर पंचविसाव्या शतकात वावरणारा, अग्निबाणातून संचार करणारा. नऊ वर्षांच्या रेला त्याने वेडच लावले. तो रोजच्या अंकातील चित्रे कापून जपून ठेवू लागला. वर्गातील मुलांना हे कळताच त्यांनी त्याची टर उडवली. ही कसली पोरकट चित्रे, असे म्हणून सर्वांनी त्याला हिणवले. रेला लाज वाटली आणि त्याने सगळी कात्रणे फाडून टाकली. परंतु पुढे त्याचे कशातच मन रमेना. एके दिवशी त्याला रडू कोसळले आणि त्याच क्षणी त्याला उमगले, की आपण कागद फाडले नाहीत, आपला आनंदच फाडला आहे! त्याने कात्रणे जमवण्यास पुन्हा आरंभ केला. आपल्या आवडीला हसणाऱ्यांकडे त्यानंतर त्याने कधी लक्ष दिले नाही.

रे बारा वर्षांचा असताना गावात एक फिरती जत्रा उतरली. तीत एक खेळ करणारा विजेच्या खुर्चीवर बसून आपल्या अंगातून वीज खेळवी. त्याने हातातील तलवारीने रेला स्पर्श केला. मुलाचे केस ताठ उभे राहिले! त्या मनुष्याने त्याला चिरंजीव होण्याचा आशीर्वाद दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आपण लिहू लागलो, असे ब्रॅडबरी पुढे आयुष्यभर सांगत. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३३ साली, शिकागो शहरी मोठे जागतिक प्रदर्शन भरले. रे तेथे गेला. तेथील नवलाच्या इमारती पाहून तो इतका भारावला, की घरी परतल्यावर अंगणात पुठ्ठ्यांची नगरे उभारण्यात गढून गेला.

१९३४ साली ब्रॅडबरी कुटुंब लॉस एंजेलिस येथे राहावयास गेले. तेथे १९३७ साली रेला आपल्यासारख्याच वेड्यांची संगत लाभली. विज्ञानकथांचे काही रसिक दर गुरुवारी सायंकाळी क्लिफ्टन नावाच्या उपाहारगृहात जमत. वाचलेल्या कथांविषयी वाद घालावेत आणि माणूस चंद्रावर कधी पोहोचेल याविषयी तर्क करावेत, हा त्यांचा आवडता उद्योग. ज्या आवडीपायी शाळेत हसे झाले, तीच आवड येथे स्नेहाचे कारण ठरली.

१९३९ साली न्यूयॉर्क येथे ‘उद्याचे जग’ ही कल्पना घेऊन जागतिक प्रदर्शन भरले. ते निमित्त साधून विज्ञानकथेच्या रसिकांनी त्याच शहरात २ जुलैपासून आपले पहिले जागतिक संमेलन भरवण्याचे ठरवले. रे आता अठरा वर्षांचा होता. महाविद्यालयात जाण्यास पैसे नव्हते, म्हणून तो रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून वृत्तपत्रे विकी. लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्क सुमारे साडेचार हजार किलोमीटर दूर. प्रवासखर्च कोठून आणावा? तेव्हा मंडळातील त्याचा मित्र फॉरेस्ट ॲकरमन पुढे झाला. त्याने रेला पैशांचे साहाय्य केले आणि रे बसने निघाला.

संमेलनास सुमारे दोनशे लोक जमले होते. आजच्या मानाने ही संख्या लहानच; पण रेच्या दृष्टीने तो महामेळावा होता. ज्यांची नावे मासिकांत वाचावयाची, ते लेखक व संपादक येथे प्रत्यक्ष बोलताना दिसत होते. पुढे विख्यात झालेला आयझॅक असिमॉव्ह हा एकोणीस वर्षांचा तरुणही तेथे आला होता. चित्रकार फ्रँक पॉल हे सन्माननीय पाहुणे होते. ॲकरमन आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस यांनी तर भविष्यकाळातील माणसांचा वेष परिधान केला होता! ते पोशाख मर्टलने स्वतः शिवले होते. अशा संमेलनांना आवडत्या पात्रांचे वेष करून जाण्याची जी प्रथा आज जगभर रूढ आहे, तिचे मूळ या दोन पोशाखांत सापडते.

रे मात्र केवळ पाहण्यासाठी आला नव्हता. त्याच्या काखेत चित्रांची एक गुंडाळी होती. ती चित्रे त्याच्या हॅनेस बॉक नावाच्या गरीब मित्राची होती. बॉकजवळ न्यूयॉर्कला येण्यापुरते पैसे नव्हते, म्हणून रेने त्याची चित्रे बरोबर घेतली होती. स्वतःच्या कथांना तोपर्यंत कोणी मोल दिले नव्हते. तरी रे मित्राची चित्रे संपादकांना दाखवीत हिंडला. ‘वियर्ड टेल्स’ या मासिकाचे संपादक फार्न्सवर्थ राइट यांना ती पसंत पडली आणि बॉकला काम मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अंकावर बॉकचे चित्र झळकले. ॲकरमनने रेला हात दिला होता; रेने तोच हात बॉकला दिला.

जागतिक प्रदर्शनातही नवलाईला तोटा नव्हता. मुलाबाळांसह लोकांच्या झुंडी तेथे येत. बोलणारा यंत्रमानव होता, दूरचित्रवाणी होती. एका दालनात प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांवर बसत आणि खाली पसरलेली १९६० सालच्या अमेरिकेची प्रतिकृती पाहत पुढे जात. तीत पाच लाखांवर चिमुकल्या इमारती होत्या! ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या रात्री प्रदर्शनाच्या मैदानावर शोभेचे दारूकाम झाले. आकाश रंगांनी उजळून निघाले; पण ते पाहताना रेच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. युरोपात युद्धाचे ढग जमत होते. ‘उद्याचे जग’ खरोखर असे सुंदर असेल काय, या शंकेने तो व्याकूळ झाला. त्याची भीती खोटी ठरली नाही. दोन महिने होतात न होतात तोच, १ सप्टेंबर १९३९ रोजी, दुसऱ्या महायुद्धास तोंड फुटले. युद्धामुळे १९४२ ते १९४५ ही चार वर्षे विज्ञानकथेचे जागतिक संमेलनही भरू शकले नाही.

घरी परतल्यावर रेने पुन्हा वृत्तपत्रे विकण्यास आरंभ केला; पण लिहिणे सोडले नाही. महाविद्यालयाची उणीव त्याने सार्वजनिक ग्रंथालयात बसून भरून काढली. १९४१ साली त्याला कथेचे पहिले मानधन मिळाले. पुढे मंगळावरील मानवी वसाहतींच्या कथांचे त्यांचे पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले. १९५३ साली ‘फॅरनहाइट ४५१’ ही त्यांची कादंबरी आली. पुस्तके जाळणाऱ्या एका भयंकर राज्याची ती कथा आहे. उद्याचे जग कसे असावे हे स्वप्न आणि ते कसे होऊ नये ही चिंता, दोन्ही त्यांच्या लेखणीत एकत्र नांदली.

काळाचे चक्र फिरले. १९६४ साली न्यूयॉर्कच्या त्याच मैदानावर पुन्हा जागतिक प्रदर्शन भरले. अमेरिकेच्या दालनात प्रेक्षक सरकत्या आसनांवर बसून देशाचा इतिहास पाहत व ऐकत होते. त्या कार्यक्रमाचे लेखन ब्रॅडबरी यांनी केले होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या जत्रेत एक गरीब प्रेक्षक म्हणून ते हिंडले, तेथेच आता इतरांना नवल दाखवणारे ते झाले! १९७० साली सॅन डिएगो येथे काही तरुणांनी चित्रकथांचे एक छोटे संमेलन भरवले, तेव्हा ब्रॅडबरी पाहुणे म्हणून तेथे गेले. आज त्या संमेलनास लाखाहून अधिक लोक लोटतात.

५ जून २०१२ रोजी वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी ब्रॅडबरी यांचे निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी ‘क्युरिऑसिटी’ हे यान मंगळावर उतरले. २२ ऑगस्ट रोजी, त्यांच्या जन्मदिनी, शास्त्रज्ञांनी यान उतरल्या जागेस ब्रॅडबरी यांचे नाव दिले. ज्या मुलाची कात्रणे पाहून वर्ग हसला होता, त्याचे नाव आज मंगळाच्या भूमीवर आहे.

स्वाध्याय

१. रेने कात्रणे का फाडली आणि पुन्हा का जमवली?
२. ‘ॲकरमनने रेला हात दिला होता, रेने तोच हात बॉकला दिला,’ हे विधान स्पष्ट करा.
३. दारूकाम पाहताना रेच्या डोळ्यांत पाणी का आले?
४. १९३९ व १९६४ या दोन प्रदर्शनांतील ब्रॅडबरींच्या भूमिकांत काय फरक होता?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : टर उडवणे, भारावून जाणे, तोंड फुटणे, उणीव भरून काढणे.
६. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या जत्रेचे किंवा प्रदर्शनाचे दहा-बारा ओळींत वर्णन लिहा.