रंगाआधी गंज : एका जुन्या डब्याच्या जीर्णोद्धारातून घ्यावयाचा पाठ

फाटकाशी उभे राहून मालगाडीचे डबे मोजणे हा आपल्यापैकी अनेकांच्या बालपणातील एक खेळ होता. मोजणी संपे ती गार्डच्या डब्यापाशी. त्याच्या दारात उभा असलेला गार्ड हिरवे निशाण धरून असे आणि आपण हात हलवला, की तोही हात हलवी. इंजिनाचे कौतुक सर्वांनाच असते. शेवटच्या डब्यातील माणसाचा विचार मात्र क्वचितच होतो. म्हणून या स्मरणिकेतील अभ्यासासाठी आम्ही तो शेवटचा डबाच निवडला आहे. आपल्या गार्डच्या डब्याचा अमेरिकेतील भाऊबंद म्हणजे ‘कबूस’. तेथील स्वयंसेवक असे जुने डबे दुरुस्त करून रंगवतात, त्या कामाचा हा विचार आहे.

डबा आणि त्यातील माणसे

कबूस हे मालगाडीच्या कर्मचाऱ्यांचे कार्यालयही होते आणि घरही. गाडीचा प्रमुख म्हणजे कंडक्टर. तो मेजाशी बसून मालाची कागदपत्रे लिही. सोबत ब्रेकमन असत. झोपण्यास बाक, पाण्याची टाकी, कंदील आणि जमिनीला बोल्टने जखडलेली कोळशाची शेगडी, एवढाच संसार. पुष्कळ डब्यांच्या छतावर खिडक्यांची एक उंच चौकट असे. तिच्यात बसून सबंध गाडीवर नजर ठेवता येई. एखाद्या डब्याचा आस तापून धूर निघू लागला, तर तो प्रथम तेथून दिसे.

हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक येण्यापूर्वी ब्रेकमनला धावत्या गाडीच्या छतांवरून चालत जाऊन प्रत्येक डब्याचे ब्रेकचे चाक हाताने फिरवावे लागे. पाऊस असो, बर्फ असो, त्यातून सुटका नव्हती. डबे जोडताना दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून लोखंडी कडी आणि खुंटी बसवावी लागे. त्यात बोटे गमावलेल्यांची आणि जीव गमावलेल्यांची संख्या मोठी होती. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट 1869 मध्ये घेतले, ईली जॅनी यांनी आपोआप जुळणाऱ्या जोडणीचे 1873 मध्ये. परंतु ही साधने सक्तीची करणारा कायदा व्हायला 1893 उजाडले आणि त्याची पूर्ण अंमलबजावणी 1900 मध्ये झाली. उपाय हाताशी असूनही माणसे इतकी वर्षे जायबंदी होत राहिली, हे विसरता कामा नये.

1980 च्या दशकात कबूसचे दिवस भरले. गाडीच्या शेवटच्या जोडणीवर लुकलुकत्या तांबड्या दिव्याची एक पेटी बसू लागली. ती ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब रेडिओने इंजिनाकडे कळवते. तापलेले आस ओळखणारी यंत्रे रुळांकाठी आली. बरेच डबे भंगारात गेले. काही गावांच्या उद्यानांत, काही संग्रहालयांत पोहोचले. तेथेच स्वयंसेवकांचे काम सुरू होते.

काम कसे चालते

1953 मध्ये स्थापन झालेले आणि आता इलिनॉय राज्यात युनियन या गावी असलेले इलिनॉय रेल्वे संग्रहालय प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभे आहे. अशा ठिकाणी निवृत्त कामगार, शिक्षक, विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी येतात. नवख्याला वाटते, की आल्याबरोबर हाती कुंचला मिळेल. प्रत्यक्षात कुंचल्याची पाळी सर्वांत शेवटी येते.

पहिले काम नोंदीचे. काहीही उचकटण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र आणि माप घेतले जाते. दुसरे काम छताचे. लाकडी कबूसचे छत अनेकदा जाड कापडाने मढवलेले असे. ते फाटले, की पाणी आत शिरून भिंतींची चौकट कुजवते. छत गळत असताना भिंत रंगवणे म्हणजे श्रम वाया घालवणेच होय. तिसरे काम कुजलेला भाग शोधण्याचे. टोकदार हत्याराने लाकूड टोचून पाहतात. जेथे टोक सहज रुतते तेथील भाग काढून त्याच मापाचे नवे लाकूड बसवतात. जे शाबूत आहे त्याला हात लावत नाहीत.

त्यानंतर खरवडणे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, आणि शिशाची धूळ विशेषतः मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून आधी तपासणी, मग पृष्ठभाग ओला ठेवून खरवडणे, तोंडावर योग्य मुखवटा आणि खाली पडलेला चुरा गोळा करणे, हे नियम पाळावे लागतात. लोखंडावरील गंज तारेच्या ब्रशने निघेपर्यंत घासतात, लगेच प्रायमर देतात आणि मगच रंग.

कोणता रंग, कोणाची गोष्ट

कबूस म्हटले, की तांबडा रंग डोळ्यांपुढे येतो. पण काही कंपन्यांचे डबे पिवळेही होते. म्हणून एका कोपऱ्यात रंगाचे थर हलक्या हाताने, वर्तुळाकार घासतात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकेक थर उघडा पडतो आणि डब्याने कोणत्या काळी कोणता रंग ल्याला, ते कळते. तिरप्या उजेडात कधी पुसट झालेली जुनी अक्षरेही दिसतात. त्यांवरून साचे कापतात.

रंग खरा लावला, पण गोष्ट अर्धी सांगितली, तर जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल काय? अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय ब्रेकमन छतांवरची जोखमीची कामे करीत. मात्र कंडक्टरच्या मेजापर्यंत त्यांना सहसा पोहोचू दिले जात नसे. ब्रेकमनच्या प्रमुख संघटनेचे सदस्यत्वही गोऱ्यांपुरतेच होते. डब्यापुढील फलकावर हे लिहिले नाही, तर तो नवा रंग जुना अन्याय झाकण्याच्या कामी येईल.

आपल्या अंगणात

वसतिगृहाच्या लोखंडी खाटा पावसाळ्यापूर्वी रंगवण्याचे काम आमच्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. एका वर्षी समारंभ जवळ आला म्हणून आम्ही गंजावरच रंग फासला. पाहुण्यांनी कौतुक केले. श्रावणात पापुद्रे सुटले आणि मुलांच्या चादरींना गंजाचे डाग पडले. पुढच्या वर्षी आम्ही निम्म्याच खाटा घेतल्या, पण घासून घेतल्या. आमच्यापुरता हा पाठ तेव्हाच पुरा झाला.

वास्तूंचे खरे आहे ते संस्थांचेही खरे आहे. वर्धापनदिनी नवा रंग सर्वांनाच हवा असतो. छत कोठे गळते, हे मात्र कोणीतरी वर चढून पाहावे लागते.

चिंतनासाठी

1. आपल्या शाळेतील कोणती वस्तू जपण्याजोगी आहे, आणि तिच्यामागे कोणाचे श्रम आहेत?
2. त्या श्रमिकांची नोंद कोठे आहे? नसल्यास ती कोण करील?
3. आपण यंदा जे रंगवले, त्याच्या आतील गंज आपण पाहिला होता काय?