घडी मोडलेली साडी

रथसप्तमी उलटली की आमच्या दुकानात काळ्या साड्या परत यायला लागतात. संक्रांतीआधी त्याच साड्यांवर उड्या पडलेल्या असतात. हळदीकुंकू संपतं आणि पिशवी, बिल, लेबल सगळं जागच्या जागी घेऊन कुणीतरी काउंटरवर उभं राहतं. “घरी कुणाला रंग आवडला नाही हो, पैसे परत द्या.”

साडी उलगडली की कळतं. पदरावर खांद्याच्या जागी पिनेची भोकं, काठाला खालून धूळ, आत अत्तराचा वास. कधी फॉल लावून उसवलेला, सुईची रांग तशीच. रेशमाला पडलेलं भोक इस्त्रीने बुजत नाही.

“मोठं दुकान आहे, यांना काय फरक पडतो” असं बाहेर पडताना म्हणणारे मी ऐकले आहेत. फरक पडतो तो काउंटरवरच्या मुलीला. विक्रीवर तिला जे कमिशन मिळतं, ते साडी परत आली की कापलं जातं. घाऊक व्यापारी नेसलेला माल परत घेत नाही आणि काळी साडी पुढच्या संक्रांतीपर्यंत कपाटात पडून राहते.

याहून वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एकदा एक बाई खरोखर विणीत तार तुटलेली साडी घेऊन आल्या. आधीच्या आठवड्यात फसलेली आमच्या काउंटरवरची मुलगी त्यांच्या देखत पदराचा वास घेऊ लागली. त्या बाईंचा चेहरा पडला. खोटं दुसऱ्याच कुणीतरी बोललं होतं आणि अपमान यांच्या वाट्याला आला. मला तो प्रसंग विसरता येत नाही.

म्हणून खरेदीला येणाऱ्यांना सांगते. साडी दुकानातच पूर्ण उलगडून घ्या, उजेडात काठ, पदर, ब्लाउजपीस बघा. फॉल-पिकोला टाकण्याआधी घरी पुन्हा एकदा पाहा. दोष निघाला तर बिनदिक्कत या, तो तुमचा हक्क आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पण मन बदललं म्हणून साडी बदलून मिळणं हा दुकानाने दाखवलेला विश्वास असतो. तिथे खरं कारण सांगा. “घेतली खरी, पण आता नको वाटतेय” असं सरळ सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही न नेसलेली साडी आनंदाने बदलून देतो.

एकाच दिवसासाठी हवी असेल तर जावेची, बहिणीची मागून नेसा. शहरांतून पैठणी आणि नऊवारी भाड्यानेही मिळतात.

आणि माझ्यासारख्या दुकानदारांनो, “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी काढा. सदोष मालाला ती लागू होत नाही आणि प्रामाणिक माणूस मात्र तिला बिचकतो. अट बिलावर मराठीत, ठळक लिहा. विकताना गिऱ्हाइकासमोर साडी उलगडून दाखवा. परत आलेली साडी तपासायची ती सर्वांचीच, एकाच पद्धतीने, टेबलावर पसरून. नेसलेली निघाली तर बाजूला घेऊन हळू आवाजात नाही म्हणा, आणि ती विकणाऱ्या मुलीचं कमिशन कापू नका.